लेखणी आहे, तलवार दिसत नाही: कुर्द राष्ट्रभावना साहित्यातून कशी घडली

अहमदे खानी नावाच्या कवीने 1692 साली एक दीर्घ प्रेमकाव्य लिहून पूर्ण केलं. 'मेम ऊ झीन' हे त्याचं नाव. अडीच हजारांहून अधिक द्विपद्या आहेत त्यात. प्रेमकाव्य म्हटल्यावर वाचक नायक-नायिकेची वाट बघतो, पण खानी त्यांना बराच वेळ पडद्याआड ठेवतो. आधी ईश्वराची स्तुती होते, मग प्रेषितांची. इथवर सगळं त्या काळच्या रिवाजाला धरून आहे. त्यानंतर मात्र तो कथा बाजूला ठेवून आपल्या लोकांच्या दुखण्याविषयी बोलायला लागतो. तुर्क, इराणी आणि अरब यांच्या मधोमध कुर्द सापडले आहेत, लढाई कुणाचीही असो, बाण यांनाच लागतात, असं तो म्हणतो. इतर सगळ्या लोकांपाशी आपापले ग्रंथ आहेत, हिशेबात नाहीत ते फक्त कुर्द, असंही म्हणतो. मग फारसीसारखी प्रतिष्ठेची भाषा सोडून हे काव्य कुर्दिशमध्ये का लिहिलं, याचं कारण देतो: कुर्दांना ज्ञान नाही, मूळ नाही, पाया नाही, असं उद्या कुणी म्हणू नये.

तीनशेहून अधिक वर्षं कुर्द लोक या ओळींकडे परत परत येत राहिले आहेत. दर पिढीने त्यातून वेगळा अर्थ काढला. कुर्द साहित्याने कुर्द राष्ट्रभावना कशी घडवली हे समजून घ्यायचं, तर हे एक पुस्तक कुणाकुणाच्या हातांतून गेलं ते पाहावं. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्या वाटेवर आपोआप भेटतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. कुर्दांची संख्या साधारण तीन ते चार कोटी असल्याचा अंदाज आहे. ते मुख्यतः तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांच्या सीमा जिथे भिडतात त्या डोंगराळ मुलखात राहतात. त्यांची भाषा इराणी गटातली, म्हणजे फारसीची जवळची आणि आपल्या मराठीचीही दूरची नातलग. पण 'कुर्दिश' म्हणजे सगळीकडे सारखी बोलली जाणारी एकच भाषा नाही. उत्तरेकडे कुरमांजी बोलतात, मध्यभागात सोरानी. शिवाय झाझाकी आणि गोरानी (हिलाच हवरामीही म्हणतात) आहेत. या दोन्हींना कुर्दिश म्हणायचं की स्वतंत्र भाषा, यावर भाषातज्ज्ञांत वाद आहेत. कुरमांजी आज बहुतेक ठिकाणी रोमन लिपीत लिहिली जाते, सोरानी अरबी-फारसी वळणाच्या लिपीत. तुर्कस्तानातल्या दियारबकरचा माणूस आणि इराकमधल्या सुलेमानियाचा माणूस दोघेही स्वतःला कुर्द म्हणवतात, पण एकमेकांचं पुस्तक सहज वाचू शकत नाहीत. हा तिढा शेवटपर्यंत सोबत राहणार आहे.

खानीच्या काळी हा मुलूख ऑटोमन आणि इराणी सफवी साम्राज्यांच्या कात्रीत होता. 1514 च्या चाल्दिरानच्या लढाईनंतर बहुतेक कुर्द सरदार ऑटोमनांच्या बाजूला गेले आणि 1639 च्या झुहाबच्या तहाने दोन साम्राज्यांमधली सीमा जवळपास पक्की झाली. मधल्या पट्ट्यात कुर्द अमीरांची छोटी छोटी संस्थानं होती. त्यांचा इतिहास शरफखान बिदलिसी या कुर्द सरदारानेच 1597 मध्ये 'शरफनामा' या ग्रंथात लिहून ठेवला, पण फारसीत. शिकलेल्या कुर्दाने फारसीत, अरबीत किंवा तुर्कीत लिहावं, हेच तेव्हा स्वाभाविक मानलं जाई. कुर्दिशमध्ये कविता होत नव्हती असं नाही. मेलाये जिझिरीसारख्या सूफी कवीचा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, खानीच्या आधीचा आहे आणि आजही मदरशांत शिकलेले लोक तो तोंडपाठ म्हणतात. पण आपण या भाषेत का लिहितो, याची जाहीर कैफियत ग्रंथाच्या दारातच मांडावी, हे खानीचं वेगळेपण. त्याने मुलांसाठी अरबी शब्दांचे कुर्दिश अर्थ देणारा छोटा पद्यकोशही रचला होता. मला हे महाकाव्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. भाषा टिकवायची तर सुरुवात मुलांपासून करावी लागते, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

आता कथा. बोतान संस्थानची राजधानी जझीरा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं जिझरे. नवरोझचा, म्हणजे नववर्षाचा सण, सगळं गाव बाहेर पडलेलं. मेम आणि त्याचा जिवलग ताजदीन बायकांच्या वेशात, तर अमीराच्या बहिणी झीन आणि सिती पुरुषांच्या वेशात त्या गर्दीत मिसळतात. नजरानजर होते, शुद्ध हरपते, अंगठ्यांची अदलाबदल होते. ताजदीन आणि सिती यांचं लग्न लागतं. मेम आणि झीन यांच्यामध्ये येतो अमीराचा द्वारपाल बेकिर, लोकांच्या तोंडचा बेको. तो अमीराचे कान भरतो. एकदा मेम आणि झीन पकडले जाणार इतक्यात अमीराचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून ताजदीन स्वतःचं घर पेटवून देतो. शेवटी अमीर मेमला बुद्धिबळाच्या डावाला बसवून त्याच्या तोंडून प्रेमाची कबुली काढून घेतो आणि अंधारकोठडीत टाकतो. मेम तिथेच मरतो, झीन त्याच्या कबरीवर प्राण सोडते. ताजदीन बेकोला ठार करतो आणि त्यालाही या दोघांच्या पायथ्याशी पुरतात. दोघांच्या मध्ये काटेरी झुडूप उगवलं आणि मेल्यावरही त्यांना एकमेकांपासून वेगळं करत राहिलं, असं लोक सांगतात. जिझरेत ही कबर आजही दाखवतात.

ही कथा खानीने शून्यातून रचली नाही. 'मेमे आलान' या नावाने ती आधीपासून गायली जात होती. कुर्द समाजात गाणारे कथाकार असतात, त्यांना देंगबेझ म्हणतात. बहुतेक वेळा कसलंही वाद्य न घेता, कानावर हात ठेवून, तासन्‌तास ते लढाया, खून, प्रेमप्रकरणं आणि घराण्यांची भांडणं गाऊन सांगतात. इराणच्या शाह अब्बासने 1609-10 मध्ये वेढा घातलेला दिमदिमचा किल्ला आणि तो लढवणारा कुर्द खान यांची गाथा अशीच गळ्यागळ्यांतून चारशे वर्षं आली आहे. बहुसंख्य लोक निरक्षर होते आणि मुलूख डोंगरांनी तुटलेला होता. अशा ठिकाणी 'आपण एक' ही जाणीव गावोगाव फिरणाऱ्या या गायकांनीच आधी पोचवली. लिहिलेलं साहित्य त्या जमिनीवर उभं राहिलं. म्हणून कुर्द साहित्याचा इतिहास केवळ पुस्तकांच्या यादीने सुरू करणं मला चुकीचं वाटतं.

खानी हा आजच्या अर्थाने राष्ट्रवादी होता का? कुर्द अभिमानाने 'हो' म्हणतात, इतिहासकार जरा थांबतात. त्याने मागितलं ते काय होतं हे नीट बघायला हवं. आपल्यात एकी असती आणि आपल्याला एक राजा असता, तर तुर्क, अरब, इराणी आपली चाकरी करत असते, आपण धर्म आणि राज्य परिपूर्ण केलं असतं, विद्या मिळवली असती, असं तो म्हणतो. समान नागरिकांचं राष्ट्र त्याच्या डोळ्यांसमोर नाही, पराक्रमी राजा आहे. सतराव्या शतकातला माणूस दुसरं काय मागणार? पण 'आम्ही' म्हणताना तो एका अमीराची रयत किंवा एक टोळी धरत नाही, सगळे कुर्द धरतो. आणि या 'आम्ही'ची खूण म्हणून भाषेकडे आणि ग्रंथाकडे बोट दाखवतो. पुढच्या लोकांनी जो धागा उचलला तो हा.

तो उचलला हाजी कादिर कोयीने. हा सोरानी बोलीत लिहिणारा कवी 1817 मध्ये जन्मला आणि उत्तरायुष्यात इस्तंबूलला जाऊन राहिला. तिथे तो बेदिरखान घराण्याच्या मुलांना शिकवत असे. हे घराणं कोणतं? बोतानचे अमीर, म्हणजे ज्या जिझरेत मेम-झीनची गोष्ट घडते तिथलेच राज्यकर्ते. बेदिरखान बेगने ऑटोमनांविरुद्ध बंड केलं, ते 1847 मध्ये मोडलं आणि सगळं घराणं हद्दपार झालं. कुर्द आठवणीत बेदिरखान स्वातंत्र्याचा पहिला वीर आहे, पण हक्कारीच्या डोंगरातल्या असिरियन ख्रिस्ती लोकांच्या आठवणीत त्याच्या फौजांनी 1840 च्या दशकात केलेल्या कत्तली आहेत. एकाच माणसाची ही दोन्ही रूपं खरी आहेत आणि दोन्ही सांगायला हवीत.

हाजी कादिरने मेम-झीनच्या एका हस्तलिखितावर कौतुकाचे बोल लिहिले आणि आपल्या कवितांतून खानीचं नाव गाजवलं. त्याचा स्वभाव मात्र खानीहून तिखट होता. आपल्या भाषेची लाज बाळगणाऱ्या मुल्लांना आणि शेखांना तो फैलावर घेतो. राज्य टिकतं ते तलवार आणि लेखणी या दोहोंवर, माझ्यापाशी लेखणी आहे, तलवार कुठे दिसत नाही, ही त्याची द्विपदी कुर्द मुलखात म्हणीसारखी वापरली जाते. दुसऱ्या एका ठिकाणी तो म्हणतो की आता शंभर कसीद्यांना, म्हणजे स्तुतिकाव्यांना, कुणी कवडी देणार नाही, दिवस वर्तमानपत्रांचे आहेत. जन्मभर कसीदे आणि गझला लिहिलेल्या कवीने हे म्हणावं, यात त्याची नजर दिसते. 1897 मध्ये तो वारला.

पुढच्याच वर्षी, 22 एप्रिल 1898 रोजी, कैरोमध्ये 'कुर्दिस्तान' हे पहिलं कुर्द वर्तमानपत्र निघालं. ते काढलं बेदिरखान बेगच्याच मुलाने, मिकदाद मिदहत बेदिरखानने. सुलतान अब्दुल हमीदच्या राज्यात असं पत्र छापणं शक्य नव्हतं, म्हणून कैरो. तिथेही दबाव आला, मग पत्र जिनिव्हाला गेलं, लंडनला गेलं, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टोन गावातूनही निघालं. 1902 पर्यंत एकंदर 31 अंक निघाले, आणि ऑटोमन मुलखात ते चोरूनच न्यावे लागत. या पत्राने अंकाअंकांतून काय छापलं? 'मेम ऊ झीन'. दोनशे वर्षं हस्तलिखितांत राहिलेलं प्रेमकाव्य वर्तमानपत्राच्या रकान्यात आलं. शेजारी शाळा काढा, शिका, सुलतानाचे अधिकारी तुम्हाला लुटताहेत, असे लेख. अशा शेजारात ते काव्य वाचताना त्याचा अर्थ बदलला. मेम आणि झीन म्हणजे कुर्दिस्तानचे ताटातूट झालेले दोन भाग, बेको म्हणजे आपल्यातली फितुरी, असं वाचन पुढे रूढ झालं. कुर्द राष्ट्रकाव्य म्हणून आज जे ओळखलं जातं ते एका अर्थाने याच काळात जन्मलं. शब्द खानीचे, पण राष्ट्र शोधणारे वाचक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. 22 एप्रिल हा दिवस कुर्द लोक आजही पत्रकारिता दिन म्हणून पाळतात.

पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्य संपलं. 1920 च्या सेव्र तहात कुर्द राज्याची शक्यता कागदावर आली, 1923 च्या लोझान तहात ती गेली. कुर्द मुलूख तुर्कस्तान, इराक, सीरिया आणि इराण असा चार ठिकाणी पडला. नव्या तुर्की प्रजासत्ताकाने 1924 पासून शाळांतून आणि सरकारी व्यवहारातून कुर्दिश हद्दपार केली, 1925 चं शेख सईद या कुर्द पुढाऱ्याचं बंड चिरडलं. लेखक, वकील, जुने अधिकारी सीमा ओलांडून फ्रेंचांच्या ताब्यातल्या सीरियात गेले.

त्यांत जलादत बेदिरखान होता, बंड करणाऱ्या बेदिरखान बेगचा नातू. 15 मे 1932 रोजी दमास्कसमध्ये त्याने 'हावार' हे मासिक सुरू केलं. त्यासाठी त्याने कुरमांजीला 31 अक्षरांची रोमन वर्णमाला घडवून दिली, व्याकरण लिहायला घेतलं, गावागावांतून म्हणी आणि गाणी गोळा केली. 1943 पर्यंत 57 अंक निघाले. आकडा लहान आहे, वाचकही फार नव्हते. पण आज तुर्कस्तान आणि सीरियातला कुर्द आपल्या मोबाइलवर जी अक्षरं टंकतो ती याच मासिकाची. लिपी ठरवणं, व्याकरण लिहिणं, शब्दकोश करणं ही कामं इतर देशांत सरकारी मंडळं करतात, इथे ती एका मासिकाच्या संपादकाने भाऊ कामुरान आणि मूठभर मित्रांना घेऊन केली. त्याच्याभोवती जमलेल्यांत जगरख्वीन हा कवी होता. गरीब घरातला, मुल्ला म्हणून शिकलेला, पुढे डाव्या विचारांकडे वळलेला. 'मी कोण आहे?' असा प्रश्न विचारून कुर्द इतिहास सांगत जाणारी त्याची कविता शिवान पेर्वेर या गायकाने गायली आणि ती कॅसेटवरून निरक्षर शेतकऱ्यांपर्यंत पोचली. जगरख्वीन 1984 मध्ये स्टॉकहोमला वारला, त्याला पुरलं सीरियातल्या कामिश्लीत, स्वतःच्या घराच्या अंगणात.

याच सुमारास एक अनपेक्षित केंद्र उभं राहिलं, ते म्हणजे सोव्हिएत आर्मेनियाची राजधानी येरेवान. तिथे कुर्द, त्यातही यझिदी धर्माचे कुर्द, संख्येने थोडे होते. पण सोव्हिएत धोरणात छोट्या भाषांना शाळा, छापखाना आणि वर्तमानपत्र मिळत होतं. 1930 मध्ये 'रिया तेझे' हे पत्र सुरू झालं. एरबे शेमोची 'शिवाने कुर्द', म्हणजे 'कुर्द मेंढपाळ', ही कादंबरी 1935 मध्ये तिथे छापली गेली, आणि तीच पहिली कुर्दिश कादंबरी मानतात. दोनच वर्षांनी स्टालिनच्या राजवटीने शेमोला हद्दपार केलं, जवळपास वीस वर्षं तो परतला नाही. भाषेला आश्रय देणारं सरकार लेखकाला आश्रय देईलच असं नसतं.

येरेवानची खरी कामगिरी मात्र रेडिओची. 1955 पासून येरेवान रेडिओवर थोडा वेळ कुर्दिश कार्यक्रम लागू लागला. 'येरेवान बातम्या देत आहे' अशी कुर्दिशमधली उद्घोषणा व्हायची, आणि सीमेपलीकडे तुर्कस्तानातल्या खेड्यांत ज्याच्याकडे रेडिओ असेल त्याच्या घरी माणसं गोळा व्हायची, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेताने. बातम्यांपेक्षा गाण्यांची वाट जास्त. सरकारी हिशेबात जी भाषा अस्तित्वातच नव्हती, ती यंत्रातून, परदेशातून, अगदी साफ ऐकू येत होती. त्यात कारापेते खाचो नावाचा देंगबेझ गायचा. तो कुर्द नव्हता, आर्मेनियन होता. 1915 च्या आर्मेनियनांच्या संहारात तो लहानपणी अनाथ झाला. त्या संहारात काही कुर्द टोळ्यांचाही हात होता. तरी कुर्द गाण्यांचा एवढा मोठा साठा त्याच्या गळ्यात राहिला की आज कुर्द लोक त्याला आपलाच मानतात. राष्ट्रभावनेची गोष्ट सरळ रेषेत सांगू पाहणाऱ्याने हा माणूस विसरू नये.

तुर्कस्तानात कुर्दिश लिहिण्याची किंमत काय होती, ते थोडं जवळून पाहू. मेहमेद एमीन बोझारस्लान याने 1968 मध्ये 'मेम ऊ झीन' तुर्कीत आणलं, त्यावर बंदी आली. त्याच सुमारास त्याने कुर्दिश अक्षरओळखीचं पुस्तक काढलं, तेही जप्त झालं आणि खटला भरला गेला. 1980 च्या लष्करी उठावानंतर दियारबकरच्या तुरुंगात भेटीच्या वेळीही कुर्दिश बोलायला मनाई होती. त्या काळाची एक आठवण तुर्कस्तानात फार सांगितली जाते. तुर्कीचा एक शब्द न येणारी एक आई मुलाला भेटायला जाताना फक्त एक वाक्य पाठ करून गेली: मुलाचं नाव आणि 'कसा आहेस?' भेटीची सगळी मिनिटं ती तेवढंच म्हणत राहिली, कधी लाडाने, कधी काळजीने, कधी निरोपाच्या सुरात. 1983 मध्ये तर कायदाच झाला, 2932 क्रमांकाचा, ज्याने कुर्दिशमधल्या प्रकाशनावर बंदी घातली. कायद्यात 'कुर्दिश' हा शब्दही नव्हता, पण रोख स्पष्ट होता. 1991 मध्ये तो रद्द झाला. त्यानंतरही क्यू, डब्ल्यू आणि एक्स या तीन अक्षरांवरून खटले चालत राहिले, कारण ती तुर्की वर्णमालेत नाहीत आणि जलादतच्या वर्णमालेत आहेत. नवरोझचं स्पेलिंग 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू'ने केलं म्हणून लोकप्रतिनिधींना न्यायालयाची पायरी चढावी लागली. ही बंदी 2013 मध्ये उठली.

मुसा अंतेर हा लेखक याच दडपणाखाली आयुष्यभर लिहीत राहिला, तुरुंगात गेला, आणि 1992 मध्ये दियारबकरच्या रस्त्यावर त्याला गोळ्या घातल्या गेल्या. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला म्हातारा होता.

मेहमेद उझून देश सोडून गेला. सिवेरेकमध्ये 1953 साली जन्मलेला हा मुलगा शाळेच्या पहिल्या दिवशी कुर्दिश बोलल्याबद्दल मार खाल्ल्याचं सांगायचा. 1977 मध्ये तो स्वीडनला पोचला. तिथे सरकार स्थलांतरितांच्या भाषांतल्या पुस्तकांना अनुदान देत होतं, म्हणून कुरमांजीतल्या आधुनिक कादंबरीचा पाळणा स्टॉकहोममध्ये हलला. उझूनपुढची अडचण विचार करण्यासारखी आहे. आईची भाषा येते, पण तिच्यात शहराचं, नैराश्याचं, राजकारणाचं वर्णन कसं करायचं याचा नमुना समोर नाही. मग त्याने 'हावार'चे जुने अंक वाचले, देंगबेझांची गाणी ऐकली आणि गद्याची भाषा जुळवली. त्याची एक कादंबरी थेट जलादत बेदिरखानच्या आयुष्यावर आहे. जलादतचा अंत 1951 मध्ये विहिरीतल्या अपघातात झाला, आणि कादंबरीचं नाव 'बीरा कदेरे', नशिबाची विहीर. उझून कॅन्सर झाल्यावर मायदेशी परतला आणि 2007 मध्ये दियारबकरला वारला. त्याच्या अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली. त्यातल्या कितीजणांना त्याची पुस्तकं वाचता येत असतील? शाळेने त्यांना ती भाषा वाचायला शिकवलीच नव्हती. तरी ते आले.

इराक आणि इराणमधली वाट वेगळी. इराकमध्ये ब्रिटिशांच्या काळापासून सोरानीला शाळांत आणि स्थानिक कारभारात काही जागा मिळाली, सुलेमानियात छापखाने चालले, मासिकं निघाली. अब्दुल्ला गोरानने कवितेला जुन्या अरबी वृत्तांतून सोडवून लोकगीतांच्या लयीवर आणलं. पीरेमेर्दने नवरोझला सार्वजनिक उत्सवाचं रूप दिलं आणि त्याचं नववर्षाचं गीत आजही दर वर्षी गातात. जुलमी झहाकला मारणारा कावा लोहार ही गोष्ट इराणी 'शाहनाम्या'तली, पण कुर्दांनी ती आपल्या जन्मकथेसारखी उचलली. तशीच आपण प्राचीन मीड लोकांचे वंशज ही समजूत. इतिहासकार तिला पुरावा अपुरा म्हणतात, पण ती राष्ट्रगीतात जाऊन बसली आहे.

ते राष्ट्रगीत 'एय रकीब'. दिलदार या टोपणनावाने लिहिणाऱ्या तरुणाने 1938 मध्ये तुरुंगात लिहिलेली कविता. रकीब म्हणजे प्रतिस्पर्धी, गझलेतला नेहमीचा, प्रेयसीवर पहारा ठेवणारा. दिलदारने तोच शब्द तुरुंगाच्या पहारेकऱ्याला लावला. 'कुर्द मेले असं कुणी म्हणू नये, कुर्द जिवंत आहेत' हे त्याचं पालुपद. 22 जानेवारी 1946 रोजी इराणमध्ये महाबाद येथे कुर्द प्रजासत्ताक जाहीर झालं, त्याने हे गीत स्वीकारलं. हेमिन आणि हेझार या दोन तरुण कवींना राष्ट्रकवी म्हटलं गेलं. प्रजासत्ताक वर्षभरही टिकलं नाही. अध्यक्ष काझी मुहम्मद यांना मार्च 1947 मध्ये फाशी झाली. राज्य गेलं, गीत राहिलं, आणि आज ते इराकमधल्या कुर्दिस्तान प्रदेशाचं अधिकृत गीत आहे. हेझार पुढे अनेक वर्षं परागंदा राहिला. त्याने केलेल्या कामांत एक मला विशेष वाटतं: त्याने खानीचं 'मेम ऊ झीन' कुरमांजीतून आपल्या मध्य-कुर्दिश बोलीत आणलं. राष्ट्रकाव्य म्हणून मिरवलेलं पुस्तक निम्म्या राष्ट्राला अनुवादातूनच वाचता येणार होतं.

मग 1988. सद्दाम हुसेनच्या राजवटीची कुर्दांविरुद्धची अन्फाल मोहीम आणि 16 मार्चला हलब्जा या कुर्द गावावर रासायनिक हल्ला, सुमारे 5000 मृत्यू. शेरको बेकस हा कवी तेव्हा स्वीडनमध्ये होता. बेकसच्या कवितेत आक्रोश कमी, वस्तू जास्त. झाडं, दगड, बाहुल्या, नद्या साक्ष देतात. 'दरबंदी पपूले', फुलपाखरांची खिंड, या दीर्घकवितेत तो परदेशातून मायभूमीतल्या एकेका गोष्टीला हाक मारतो. 1992 मध्ये तो कुर्दिस्तान प्रदेशाचा संस्कृतिमंत्री झाला, फार काळ रमला नाही. 2013 मध्ये वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला सुलेमानियातल्या आझादी पार्कमध्ये पुरलं. तिथे पूर्वी लष्करी तळ होता, आता मुलं खेळतात.

मात्र स्वायत्त प्रदेश मिळाल्यावर साहित्याचं काम तेच उरलं नाही. 1990 च्या दशकात कुर्द पक्षच एकमेकांशी लढले. बख्तियार अलीच्या कादंबऱ्या याच अस्वस्थतेतून येतात. 'जगातलं शेवटचं डाळिंब' मध्ये वाळवंटातल्या तुरुंगात एकवीस वर्षं काढलेला जुना लढवय्या सुटून मुलाचा शोध घेतो, आणि ज्या क्रांतीसाठी तो गेला तिने काय केलं ते त्याला पाहावं लागतं. आता प्रश्न परक्या जुलमाचा राहिलेला नाही, आपल्याच नेत्यांचा आहे. राष्ट्रभावना घडवणाऱ्या साहित्याने राष्ट्राच्या मालकांना जाब विचारावा, हा टप्पा मला सर्वांत निरोगी वाटतो.

आणि भाषेचा तिढा? झाझाकी आणि हवरामी बोलणारे विचारतात, कुर्दिश म्हणजे फक्त कुरमांजी किंवा सोरानी असेल तर आमचं काय? प्रश्न रास्त आहे. एकेकाळी इराणकडच्या अर्दलान या कुर्द संस्थानाच्या दरबारात गोरानी हीच काव्याची मानाची भाषा होती. मेवलवी हा एकोणिसाव्या शतकातला मोठा कवी तिच्यातच लिहायचा. सोरानीच्या लाटेत ती मागे पडली, तेव्हा पीरेमेर्दने मेवलवीच्या कविता सोरानीत आणून नव्या वाचकांपुढे ठेवल्या. आज इस्तंबूल आणि दियारबकरचे कुर्द प्रकाशक बख्तियार अली कुरमांजीत, जलादतच्या अक्षरांत छापतात. 'मेम ऊ झीन' तर 2010 मध्ये तुर्कस्तानच्या संस्कृती मंत्रालयानेच प्रसिद्ध केलं. ज्या राज्याने 1968 मध्ये त्यावर बंदी घातली होती, त्याच राज्याच्या शिक्क्यानिशी. कुर्दिश तिथे 2012 पासून शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आठवड्याचे दोन तास शिकता येते. पण शाळेचं माध्यम होण्याची परवानगी तिला अजून नाही.